मुतखडा : दुर्बिणीचे ऑपरेशन आणि पाण्याची पाळी





दर अंकात या पानावर आम्ही बेणे, लागण, खत, पाचट आणि हुमणी याविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे. ऊस विकास खात्याच्या माणसाने मुतखड्यावर का लिहावे, असे काही सभासद विचारतील. त्याचे उत्तर असे की, गटागटांतून फिरताना उसाच्या खालोखाल आमच्यापुढे कोणता विषय निघत असेल तर तो मुतखड्याचा. तोडीची तारीख विचारायला आलेला सभासद जाता जाता कमरेवर हात ठेवतो आणि म्हणतो, "साहेब, तुमचा खडा दुर्बिणीनं काढला म्हणं. लई दुखतं का?"

होय, आमचा खडा काढला. लई दुखत नाही. पण एवढ्या उत्तराने भागत नाही, म्हणून हा लेख. आम्ही शेतीचे पदविकाधारक, डॉक्टर नव्हे. जे स्वतः भोगले, डॉक्टरांना विचारून घेतले आणि वाचून पडताळले, तेवढेच येथे मांडतो. औषधोपचार मात्र ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

तोड साधली, किडनी गेली

सुरुवात एका सभासदाच्या हकिकतीने करतो. नाव-गाव सांगत नाही. त्यांनी "लिहा, पण नाव नको" अशी परवानगी दिली आहे. मांजरा काठचे शेतकरी, वय पन्नाशीच्या आतबाहेर. डिसेंबरात त्यांच्या उजव्या कुशीत कळ उठली. कळ म्हणजे अशी की, माणूस बाजेवर बसू शकेना आणि पडूही शकेना. गावात सुई घेतली, तेवढ्यापुरते थांबले. तालुक्याला सोनोग्राफी केली, तेव्हा किडनीतून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळीत सव्वा सेंटिमीटरचा खडा निघाला. डॉक्टरांनी "हा आपोआप पडणार नाही, लवकर काढून घ्या" असे सांगितले.

पण टोळी चार दिवसांवर आलेली. आम्ही स्वतः त्यांना म्हणालो, "तात्या, ऊस आम्ही बघतो, तुम्ही लातूरला जा." तात्या म्हणाले, "ऊस गेल्याबिगर मी हलत नसतो." पुढे दहा-बारा दिवसांत दुखणे कमी झाले आणि मग अजिबात थांबले. तात्यांनी समजून घेतले की खडा पडला. ऊस गेला, बिल निघाले, खोडवा धरला. पुढच्या दिवाळीला ताप आला म्हणून तपासणी केली, तर खडा जागच्या जागी आणि उजवी किडनी फुग्यासारखी फुगून तिची नुसती साल राहिलेली. पुढच्या तपासण्यांत ती किडनी काम करीत नाही असे निघाले. डावी चांगली आहे, म्हणून तात्या आज आपल्यात आहेत.

यातला धडा प्रत्येकाने लक्षात ठेवावा. दुखायचे थांबले म्हणजे खडा पडला असे नव्हे. डॉक्टरांनी आम्हाला समजावले ते असे : नळी तुंबली की वरच्या अंगाला दाब वाढतो, तो दाब म्हणजे ती कळ. पण बरेच दिवस तुंबून राहिले की किडनीच लघवी कमी तयार करू लागते, दाब उतरतो आणि दुखणे थांबते. पाटाचे तोंड बुजले म्हणून मोटारच हळूहळू बंद पडावी, तसा हा प्रकार. मोटारीचा आवाज बंद झाला म्हणून कोणी शेत भिजले असे समजतो काय? तेव्हा खडा पडला की नाही, हे पुन्हा सोनोग्राफी करून किंवा फोटो काढूनच ठरवायचे, दुखण्यावरून नव्हे.

खडा धरतो कसा

हे समजायला आपल्याला पुस्तकाची गरज नाही, कारखान्याच्या पॅनजवळ दहा मिनिटे उभे राहिले तरी पुरे. पॅनमध्ये पाक आटवत नेतात. पाणी कमी कमी होत जाते आणि एक वेळ अशी येते की, विरघळलेली साखर पाण्यात मावत नाही. तेव्हा पाकात दाणा धरतो. एकदा दाणा धरला की त्याच्यावर थर चढत जातो आणि तो मोठा होतो. दाणा विरघळवायचा असेल तर पॅनमन काय करतो? पाणी सोडतो.

आपल्या दोन किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. या लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक आम्ल असे क्षार विरघळलेले असतात. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो, माणूस दिवसभर रानात असतो, अंगातले पाणी घामावाटे निघून जाते आणि लघवी उसाच्या काकवीसारखी दाट व पिवळी होते. पॅन आटला. आता दाणा धरणारच. आपल्या भागात उन्हाळ्यात खड्याचे रोगी का वाढतात, याचे कारण हेच.

बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. हा दाणा साखरेसारखा नाही. एकदा घट्ट झाला की पाण्याने विरघळत नाही. काही सभासद म्हणतात, "ठिबकच्या नळ्या चोक झाल्या की आपण आम्ल सोडतो, तसं काही औषध नाही का?" प्रश्न रास्त आहे. ठिबकमधील चुन्याचा थर आम्लाने निघतो, कारण तो क्षार वेगळा. ऑक्झलेटचा खडा विरघळवणारे औषध अद्याप नाही. फक्त युरिक आम्लाचा खडा लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधाने विरघळू शकतो. मधुमेही माणसांत हा खडा जास्त आढळतो आणि साध्या एक्सरेत तो दिसत नाही. म्हणून कोणता खडा आहे हे आधी कळले पाहिजे. काढलेला किंवा आपोआप पडलेला खडा फेकून न देता तपासणीला द्यावा. आपण माती परीक्षण करून खताचा डोस ठरवतो, त्यातलाच हा प्रकार.

मिरजेच्या गाडीपासून दुर्बिणीपर्यंत

मुतखडा हा आपल्याकडचा जुना रोग. सुश्रुतसंहितेत त्याला अश्मरी म्हटले असून, तो शस्त्राने काढण्याची रीतही तिथे वर्णिली आहे. त्याच ग्रंथात हे काम जोखमीचे आहे, असा इशाराही आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात मोठे ऑपरेशन म्हणजे मिरजेचा मिशन दवाखाना. लातूरची माणसे बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडीवरून मिरजेला जात. नांदेडकडची हैदराबाद गाठत. पुढे अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय झाले, नांदेडला १९८८ साली आणि लातूरला २००२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तसा पल्ला कमी झाला. पण ऑपरेशन पुष्कळ वर्षे जुन्याच पद्धतीचे होते. कमरेवर वीतभर चिरा, आठ-दहा दिवस खाट आणि पुढे दीड-दोन महिने खोऱ्याला हात लावायचा नाही. ऐन हंगामात हे कोणाला परवडणार? म्हणून लोक टाळत आणि टाळता टाळता किडनी घालवीत.

हे चित्र बदलले ते तीन शोधांनी, आणि तिन्ही चार-पाच वर्षांत लागले. १९७६ साली स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन या डॉक्टरांनी पाठीतून बारीक छिद्र पाडून किडनीतला खडा काढल्याचे प्रसिद्ध केले. फेब्रुवारी १९८० मध्ये जर्मनीतील म्युनिक येथे डॉ. शॉसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीराला चिरा न देता बाहेरून धक्का-लहरी देऊन पहिल्या रोग्याचा खडा फोडला. हे यंत्र बनविणारी कंपनी मूळची विमाने बनविणारी. आणि त्याच १९८० साली स्पेनमध्ये डॉ. पेरेझ-कास्त्रो यांनी लघवीच्याच वाटेने वर किडनीपर्यंत जाणारी लांब दुर्बीण वापरली.

यात आपल्या देशाचाही वाटा आहे. वळणाऱ्या दुर्बिणीचा जीव म्हणजे काचेचे केसासारखे तंतू, ज्यांतून उजेड वाकडा-तिकडा नेता येतो. अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येते, हे १९५४ साली लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्याबरोबर ज्यांनी दाखवून दिले ते नरिंदरसिंग कपानी पंजाबातील मोगा गावचे. २०२० साली ते वारले आणि २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. सचखंड हुजूरसाहिबमुळे शीख बांधवांशी जवळचे नाते असलेल्या नांदेडकरांना हे वाचून विशेष आनंद वाटेल. अलीकडे, २०११ साली, गुजरातेतील नडियादचे डॉ. महेश देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठीतले छिद्र सुईएवढ्यावर आणण्याची रीत प्रसिद्ध केली.

जशी जमीन तसे वाण, जसा खडा तसा उपाय

चोपण रानात आणि निचऱ्याच्या रानात आपण एकच वाण लावत नाही. तसेच येथे आहे. शेजाऱ्याचा खडा गोळीने पडला म्हणून आपलाही पडेल, किंवा मेहुण्याला पाठीतून छिद्र पाडले म्हणून आपल्यालाही पाडतील, असे नसते. उपाय ठरतो तो खड्याचा आकार, जागा आणि टणकपणा यांवरून. ढोबळ मानाने असे :

१) वाट पाहणे. नळीतला खडा ५ मिलिमीटरपर्यंत असेल तर सुमारे तिनांतले दोन आपोआप पडतात. ५ ते १० मिलिमीटरचे निम्म्याच्या आतबाहेर पडतात. यासाठी डॉक्टर दुखणे थांबवणारी व नळी सैल करणारी गोळी देतात. पण ही वाट चार ते सहा आठवड्यांपलीकडे पाहायची नाही, आणि मध्ये तपासणी चुकवायची नाही.

२) बाहेरून फोडणे. यंत्रावर झोपवून धक्का-लहरींनी खडा फोडतात, त्याचा चुरा लघवीतून पडतो. लहान व मध्यम खड्यांना हे चालते. खडा फार टणक असला किंवा किडनीच्या तळच्या कप्प्यात असला तर यश कमी मिळते आणि दोन-तीनदा करावे लागते. गरोदर स्त्रीला हे करीत नाहीत.

३) लघवीच्या वाटेने दुर्बीण. नळीतला खडा असेल तर सरळ दुर्बीण, किडनीतला असेल तर वळणारी. टोक इतके वळते की किडनीच्या कोपऱ्यातल्या कप्प्यातही डोकावते. दुर्बिणीतून केसाहून थोडा जाड लेसरचा तंतू आत सोडून खड्याची भुकटी करतात किंवा तुकडे करून बारीक जाळीने ओढून घेतात. अंगावर एकही चिरा नाही. किडनीतील साधारण दोन सेंटिमीटरपर्यंतच्या खड्यांना ही रीत वापरतात.

४) पाठीतून छिद्र. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा किंवा हरणाच्या शिंगासारखा फाटे फुटलेला खडा असेल तर पाठीतून सुमारे एक सेंटिमीटरचे, हल्ली त्याहूनही बारीक, छिद्र पाडून दुर्बीण थेट किडनीत नेतात. मोठा खडा एका बैठकीत काढायला हीच रीत उत्तम. यात रक्तस्रावाची जोखीम बाकीच्यांपेक्षा जास्त असते.

कोणतेही ऑपरेशन बिनधोक नसते, हे स्पष्ट लिहिणे आमचे कर्तव्य आहे. दुर्बिणीच्या कामात आत सलाईनचे पाणी सोडावे लागते. लघवीत आधीच जंतू असतील तर ते रक्तात शिरून रोगी गंभीर होऊ शकतो. म्हणून लघवीची जंतू-तपासणी आधी झाली पाहिजे. क्वचित नळीला इजा होते, कधी तुकडा मागे राहतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मधुमेह असेल, तर ते लपवू नये.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहिण्यासारखी. खडा आहे आणि थंडी वाजून ताप आला, तर त्याच रात्री दवाखाना गाठावा. तुंबलेल्या लघवीत पू झाला की जिवावर बेतते. अशा वेळी डॉक्टर खडा लगेच काढत नाहीत; आधी नळी टाकून तुंबलेले पाणी मोकळे करतात, खडा नंतर. लघवी अजिबात बंद झाली, किंवा मुळात एकच किडनी असलेल्या माणसाला खडा झाला, तरीही थांबायचे नाही.

आमचा अनुभव

आमचा खडा ८ मिलिमीटरचा, नळीच्या मधल्या भागात. ऊस नोंदणीचे दिवस होते. पाच आठवडे गोळ्या घेतल्या, पाणी प्यालो, पानफुटीची पाने खाल्ली आणि हुलग्याचे कढणही प्यालो. खडा हलला नाही. शेवटी मंडळींनी हिसका दाखवला, "तात्याचं झालं ते बघितलं ना तुम्ही?" मग गेलो.

लातूरच्या एका दवाखान्यात सकाळी कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर केला. डोळे उघडे होते. बाजूच्या पडद्यावर आम्हाला आमचीच नळी दिसत होती, गुलाबी भुयारासारखी, आणि पुढे तो पिवळट काळा खडा अडकलेला. नळीची रुंदी तीन-चार मिलिमीटर, म्हणजे ठिबकच्या उपनळीहून किती तरी बारीक, आणि त्यात हे सगळे काम चालले होते. लेसरचा उजेड पडला की खडा उडायचा आणि ढेकळाची माती व्हावी तशी भुकटी व्हायची. पाऊण तासात झाले. दुसऱ्या दिवशी घरी आलो. आठवड्याने टेबलावर बसलो. दोन-तीन दिवस लघवीला लालसर रंग होता व जळजळ होती, ती पाणी पिऊन कमी झाली.

मग "लई दुखतं का?" या प्रश्नाचे उत्तर असे : खड्याची कळ शंभर असेल तर ऑपरेशनचे दुखणे पाच-दहा. खरा त्रास होतो तो आतल्या नळीचा, आणि तिच्याविषयी पुढे लिहितो ते कृपा करून दोनदा वाचावे.

आतली नळी विसरू नका

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पुष्कळदा किडनी ते मूत्राशय अशी प्लास्टिकसारखी मऊ नळी आत ठेवतात. दोन्ही टोकांना आकडे असतात. नळी सुजून तुंबू नये म्हणून ती ठेवायची असते. बाहेरून ती दिसत नाही. लघवीला घाई होते, कमरेत ओढल्यासारखे वाटते, पण सवय झाली की माणूस विसरून जातो. ती काही आठवड्यांनी काढायची असते. जास्तीत जास्त किती दिवस ठेवायची ते डॉक्टर तारखेनिशी सांगतात. काढायला मोठे ऑपरेशन लागत नाही. लहान दुर्बिणीने, बधिर करणारी जेली लावून, पाच-दहा मिनिटांत निघते.

न काढली तर काय होते, ते मागच्या हंगामात आम्ही डोळ्यांनी पाहिले. आपल्याकडे आलेल्या टोळीतला एक कोयता. कोयता म्हणजे जोडी हे आपल्याला माहीतच आहे. त्यातल्या नवऱ्याला सतत जळजळ, लघवीतून रक्त. बायको म्हणाली, "साहेब, ह्यांचं खड्याचं ऑपरेशन दोन वर्सामागं झालंय, पुन्हा झाला आसंल." फोटो काढला, तर दोन वर्षांपूर्वीची नळी आत तशीच! तिच्या वरच्या आकड्यावर आवळ्याएवढा आणि खालच्यावर सुपारीएवढा खडा धरलेला. पॅनमध्ये दाणा धरायला बी टाकतात ना, तसे त्या नळीने बीचे काम केले.

त्याला विचारले, "दादा, तारीख दिली नव्हती का?" तो म्हणाला, "दिली व्हती की. कागद कोपीत व्हता, पावसात भिजला. मग दुसऱ्या साली कर्नाटकात गेलो. दुखत नव्हतं, मग कोण जातंय?" ऑपरेशन दिवाळीत, टोळी उचलली कार्तिकात, तारीख आली माघात, तेव्हा माणूस दोनशे मैलांवर फडात. यात त्याच्या एकट्याचा दोष आम्हाला दिसत नाही. त्याला पाठीतून आणि खालून अशी दोन ऑपरेशने लागली. किडनी वाचली, पण हंगाम गेला आणि मुकादमाची उचल अंगावर राहिली.

त्या दिवशी आम्ही आमच्या गट कार्यालयात एक वही घातली. उसाच्या नोंदीला जशी लागणीची तारीख, तशी या वहीत नळी टाकल्याची तारीख आणि काढायची तारीख. सभासद असो, टोळीतला कामगार असो की बैलगाडीवान. नाव ज्याच्या त्याच्या मर्जीने नोंदवायचे, आजाराचा बभ्रा करायचा नाही. काढायची तारीख आठ दिवसांवर आली की चिटबॉय फडात निरोप देतो. आमची सर्व गटांच्या कर्मचाऱ्यांना विनंती आहे की, त्यांनीही अशी वही घालावी. चार आण्यांची वही, पण एक किडनी वाचवते.

पैशाचे काय?

पैशाअभावी कोणी थांबू नये. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपला नांदेड होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती लातूरसह साऱ्या राज्यात आली. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत संरक्षण होते, ते २०२४ पासून पाच लाखांपर्यंत झाले आहे आणि सर्व रंगांच्या शिधापत्रिकांना लागू आहे. मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रिया या योजनेत आहेत. मात्र प्रत्येक दवाखाना योजनेत नसतो आणि प्रत्येक योजनेच्या दवाखान्यात प्रत्येक ऑपरेशन होत नाही. म्हणून भरती होण्याआधी तेथील आरोग्यमित्राला भेटून आपले काम योजनेत बसते का, हे विचारावे. शिधापत्रिका व आधार बरोबर न्यावे. नळी काढण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

पाण्याची पाळी

खडा काढला म्हणजे संपले असे नाही. काहीच पथ्य केले नाही तर जवळजवळ निम्म्या लोकांना पाच-दहा वर्षांत पुन्हा होतो. खोडकीड एकदा मारली म्हणून पुढच्या साली येणार नाही असे म्हणता येते का?

इटलीतील पार्मा येथील डॉ. बोर्गी यांनी पहिल्यांदाच खडा झालेल्या सुमारे दोनशे लोकांवर पाच वर्षे प्रयोग केला आणि तो १९९६ साली प्रसिद्ध केला. निम्म्या लोकांना भरपूर पाणी प्यायला लावले, निम्म्यांना नेहमीप्रमाणे राहू दिले. नेहमीप्रमाणे राहिलेल्यांत १०० पैकी २७ जणांना पुन्हा खडा झाला. पाणी पिणाऱ्यांत फक्त १२ जणांना. औषध कोणते? नुसते पाणी.

हिशेब पिण्याचा नको, लघवीचा ठेवावा. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. सावलीतल्या माणसाला त्यासाठी अडीच-तीन लिटर पाणी पुरते, उन्हात राबणाऱ्याला जास्त लागते. रंग पाहावा : लिंबाच्या सरबतासारखा फिका असेल तर ठीक, काकवीसारखा असेल तर पाळी चुकली. रानाला पाणी देताना आपण पाळी चुकवत नाही. स्वतःलाही दर तासाला तांब्याभर आणि रात्री झोपण्यापूर्वी एक तांब्या, अशी पाळी ठेवावी. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असणाऱ्याने किती प्यावे, हे डॉक्टरांना विचारावे.

"बोअरचं जड पाणी आहे, म्हणून खडा होतो" असे सगळे म्हणतात. जड पाण्यानेच खडा होतो हे पक्के सिद्ध झालेले नाही. पाणी कमी पिण्याने होतो, हे मात्र सिद्ध झाले आहे. तेव्हा जड आहे म्हणून कमी पिणे ही सर्वांत मोठी चूक. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटले आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, ते दिवस आपण विसरलो नाही. घागरीत पाणी नसेल तर पोटात कोठून जाणार? म्हणून पिण्याच्या पाण्याचा साठा हा आरोग्याचाही प्रश्न आहे.

खाण्याविषयी थोडक्यात. मीठ कमी करावे. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे यांचा मारा नको, कारण मीठ जास्त झाले की लघवीत कॅल्शियम जास्त उतरते. दूध-दही बंद करू नये. याच डॉ. बोर्गी यांनी २००२ साली दाखवले की, कॅल्शियम तोडणाऱ्यांपेक्षा नेहमीइतके कॅल्शियम पण कमी मीठ व कमी मांस खाणाऱ्यांना खडे कमी झाले. पालक रोज रोज नको. लिंबू चांगले, त्यातले सायट्रेट दाणा धरू देत नाही. हुलग्याचे कढण प्यायला हरकत नाही, पण मोठा खडा त्याने पडेल या आशेवर महिने घालवू नयेत. बिअरने खडा पडतो, ही खूळचट समजूत आहे.

आणि उसाचा रस? साखर कारखान्याच्या पत्रात हे लिहिताना हात थोडा अडखळतो, पण लिहितोच. रस एखादे वेळी आवडीने प्यावा. तहान मात्र पाण्याने भागवावी. गोड पेयांवर तहान भागवणाऱ्यांना खड्याचा धोका वाढतो.

शेवटी आमच्या भगिनींविषयी. फडात, कोप्यांवर आणि रानात आडोसा नाही म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि लघवी दाबून धरतात. मग खडा होतो, जंतू होतात. हे त्यांच्या आळसाचे फळ नव्हे. आडोशाची सोय न करणाऱ्यांचा दोष आहे आणि त्यात आम्हीही आलो. ज्या सभासदाच्या रानात टोळी उतरेल, त्याने पाण्याचा ड्रम आणि चार ताटव्यांचा आडोसा एवढे तरी करावे. तोडणी वेळेवर मागण्याचा आपल्याला जेवढा हक्क आहे, तेवढेच हेही कर्तव्य आहे.

तात्या परवा गट ऑफिसात आले होते. हातात पाण्याची बाटली होती. म्हणाले, "साहेब, यंदा तोड कधी द्यायची तवा द्या. माझी सोनोग्राफीची तारीख आधी लिहा." आम्ही ती वहीत लिहून घेतली.

आपणही आपली लिहावी. कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी